वाचकांचे प्रश्न : फोटो प्रिंटर आणि सुती कागद

घरच्या किंवा स्टुडिओतल्या प्रिंटरवर फाइन आर्ट (कापसाच्या तंतूंचा, जाड) कागद वापरण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : १३ इंची, पिगमेंट (बारीक रंगकणांच्या) शाईचा प्रिंटर घेतला. ३०८ जीएसएमचा सुती कागद मागच्या फीडरमध्ये लावला की कधी ओढलाच जात नाही, कधी तिरका जातो. गेला तरी छापाच्या वरच्या-खालच्या कडेला काळे ओरखडे उठतात. साधा फोटो पेपर मात्र बिनतक्रार चालतो. कागदच खराब आहे का?
— एक वाचक, चिपळूण

कागद बहुधा चांगलाच आहे, पण वाकलेला आहे. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर जाते. सुती कागद ती ओल शोषतो. कोटिंग (शाई धरून ठेवणारा थर) एकाच बाजूला असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि कडा वर उचलल्या जातात. प्रिंट हेड (शाई फवारणारा भाग) कागदावरून जेमतेम एक-दोन मिलिमीटर उंचीने धावतं. उचललेला कोपरा त्याला घासला की शाई फासली जाते, तेच तुमचे ओरखडे. हे वारंवार झालं तर हेडलाही इजा होते, म्हणून ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणू नका.

आधी कागद सरळ करा. तीन इंची जाड पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यावर स्वच्छ बटर पेपर ठेवून कागद बाकाच्या उलट दिशेला गुंडाळा, दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, सपाट टेबलावर ठेवून बघा. लागलं तर पुन्हा करा. यापेक्षा बारीक नळी नको, कोटिंगला चिरा जातात. छापताना चारही कोपरे टेबलाला टेकलेले हवेत. किंचित बाक राहिलाच तर कडा खालच्या बाजूला झुकलेल्या चालतील, वर उचललेल्या नकोत.

मग प्रिंटरला कागदाची जाडी कळवा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जाडी नव्हे. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग ३०८ साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे. तेवढ्याच वजनाचा, पण दाबून गुळगुळीत केलेला कागद त्याहून पातळ निघतो. पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात जाडी बघा. ड्रायव्हरमध्ये ‘प्लॅटन गॅप’ (हेड आणि कागद यांतलं अंतर) किंवा ‘पेपर थिकनेस’ असा पर्याय सापडेल. तो नेहमीच्यापेक्षा एक पायरी वर न्या, तरीही ओरखडे आले तर आणखी एक. एकदम शेवटच्या पायरीवर उडी नको. हेड जितकं उंच, तितका शाईचा थेंब हवेत जास्त वेळ राहतो आणि जागा चुकतो. बारीक रेषा आणि पापण्यांचे केस फिसकटलेले दिसतात. गॅप वाढवलीत की ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ (जाता-येता दोन्ही वेळा छापणं) यावरची खूण काढून टाका. छपाईला जवळपास दुप्पट वेळ लागेल, तो लागू दे.

कागद न ओढला जाण्याचं कारण निराळं आहे. मागचा फीडर रबरी रोलरने कागद पकडतो आणि सुती कागदाची बारीक लव रोलरवर बसली की पकड सुटते. पाण्यात पिळून घेतलेल्या, धागे न सोडणाऱ्या फडक्याने रोलर पुसा. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, रबर कडक होतं. एका वेळी एकच कागद लावा. आत जाताना खालून तळव्याचा हलका आधार द्या, ढकलू नका. एपसन पी७०० आणि पी९०० यांना समोरून सरळ वाटही आहे आणि तिथून १.५ मिमीपर्यंतचं माध्यम जातं. ती वापरताना कागद मागे बाहेर येतो, त्यामुळे प्रिंटर भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर पुढे ओढावा लागेल. कॅननच्या प्रो-३०० ला मागे स्वतंत्र मॅन्युअल फीड आहे, त्याची मर्यादा ०.६ मिमी.

कागद मूळ प्लास्टिक पिशवीत, आडवा आणि वर सपाट वजन ठेवून साठवा. स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक खोलीत लावा. ४० ते ६० टक्क्यांत काम सुरळीत चालतं. आकडा ७० च्या वर असेल तर एसी किंवा डिह्युमिडिफायर लावून खोली कोरडी होऊ द्या आणि मगच पाकीट फोडा.

प्रश्न : कागदासोबतचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग नीट उमटावेत म्हणून दिलेली फाइल) उतरवून घेतलं, फोटोशॉपमध्ये निवडलंही. तरी छाप गुलाबी-जांभळट येतो आणि स्क्रीनपेक्षा फार काळोखा. प्रोफाइल चुकीचं असेल का?
— पुणे, नाशिक आणि सांगलीचे वाचक

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

गुलाबी झाक म्हणजे रंगांची दुरुस्ती दोनदा झाली, एकदा फोटोशॉपने केली आणि वर ड्रायव्हरनेही केली. दोघांपैकी एकालाच हे काम द्यायचं असतं. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘कलर हँडलिंग’ला ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा आणि खाली कागदाचं प्रोफाइल. मग ‘प्रिंट सेटिंग्ज’मधून ड्रायव्हर उघडून तिथली दुरुस्ती बंद करा. एपसनमध्ये त्याला ‘नो कलर मॅनेजमेंट’ म्हणतात. कॅननमध्ये कलर-इंटेन्सिटी ‘मॅन्युअल’ करून ‘मॅचिंग’च्या पानावर ‘नन’. मॅकवर फोटोशॉपच हे कुलूप घालतं, तिथे पर्याय करडा दिसला तर घाबरू नका. विंडोजवर मात्र हे स्वतः करावं लागतं. एकदा नीट जुळलं की ड्रायव्हरमध्ये ते प्रीसेट म्हणून कागदाच्या नावाने जपून ठेवा, कारण ड्रायव्हर अपडेट झाला की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं.

प्रोफाइल बसवणं सोपं आहे. विंडोजवर फाइलवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’. मॅकवर ती लायब्ररी, कलरसिंक, प्रोफाइल्स या फोल्डरात टाका. फोटोशॉप उघडं असेल तर बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर यादीत नाव दिसत नाही.

पण इथे एक गोष्ट बहुतेकजण वाचतच नाहीत. प्रोफाइलसोबत एक छोटं माहितीपत्रक येतं. हे प्रोफाइल कोणत्या ‘मीडिया टाइप’वर बनवलं, ते त्यात लिहिलेलं असतं. मीडिया टाइप म्हणजे नुसतं नाव नव्हे. किती शाई ओतायची, कोणती काळी शाई वापरायची, हेड किती उंच ठेवायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. प्रोफाइल ‘वेल्व्हेट फाइन आर्ट’वर बनलेलं आणि तुम्ही निवडला ‘ग्लॉसी’, तर प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी व्यर्थ. फाइलच्या नावात ‘एमके’ असेल तर ते मॅट (बिनचकाकीच्या कागदाच्या) काळ्या शाईसाठी, ‘पीके’ असेल तर फोटो (चकचकीत कागदाच्या) काळ्यासाठी. प्रत्यक्ष कागद, मीडिया टाइप आणि प्रोफाइल या तिघांचं एकमत हवं. आमच्याकडे येणाऱ्या रंगांच्या तक्रारींत निम्म्याहून अधिक इथेच सुटतात. शाईला, कागदाला किंवा कंपनीला बोल लावण्याआधी हे तीन तपासा.

रेंडरिंग इंटेंट (छापता न येणारे रंग कसे बदलायचे, तो नियम) ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ ठेवा, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’वर खूण असू द्या. झेंडूच्या ढिगाचा, पैठणीचा किंवा गुलालाचा फोटो असेल आणि गडद रंगातले बारकावे एकसारखे सपाट होत असतील, तर ‘पर्सेप्च्युअल’ करून बघा.

आता काळोखाबद्दल. छाप काळोखा नाही, स्क्रीन झगझगीत आहे. लॅपटॉप ३०० कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून अधिक उजेड देऊ शकतो. मॅट कागदासाठी काम करताना तो ८० ते १०० असावा. मोजायला कॅलिब्रेटर नसेल तर एक कामचलाऊ उपाय आहे. ज्या दिव्याखाली छाप बघणार, त्याच दिव्याखाली कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. सुरुवातीला स्क्रीन मिणमिणती वाटेल, दहा मिनिटांत डोळे सरावतात. दिवाही नीट निवडा. नेहमीच्या पांढऱ्या ट्यूबचा प्रकाश ६५०० केल्विनचा, निळसर असतो, त्यात सुती कागदाचा उबदार पांढरेपणा मरतो. ४००० ते ५००० केल्विनचा, ९० पेक्षा जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी दिवा घ्या.

पूर्ण कागद खर्ची घालण्याआधी फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ कलर्स’ (छाप कसा येईल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून बघा, म्हणजे कंट्रोल आणि वाय. त्यानंतर फोटोतला चेहरा, सावली आणि आकाश अशा तीन पट्ट्या कापलेल्या तुकड्यावर छापा. ए३ प्लस आकाराचा एक सुती कागद वाया गेला की जे वाटतं, ते वाटून घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

प्रश्न : कृष्णधवल फोटोतला काळा रंग राखाडी दिसतो. ग्लॉसीवर तोच फोटो छान काळा येतो.
— कोल्हापूर

आधी वर सांगितलेला मीडिया टाइप तपासा, मॅट कागदावर फोटो काळी शाई पडत असेल तर हेच होतं. ते बरोबर असेल, तर हा मॅट कागदाचा स्वभाव आहे. मॅटवर सर्वात गडद काळ्याची घनता (काळेपणाचं माप) १.६-१.७ च्या आसपास थांबते, चकचकीत बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर ती २.३ च्या पुढे जाते. खोल काळा हवाच असेल तर बरायटा घ्या. मॅटवरच छापायचं असेल तर कर्व्हमध्ये सावल्या थोड्या उचला, पण अगदी तळाचा काळा बिंदू जागचा हलवू नका. एपसन पी६०० किंवा पी८०० असेल तर मॅट आणि फोटो काळ्या शाईची वाट एकच आहे, दर अदलाबदलीत शाई वाया जाते. अशा प्रिंटरवर मॅटची सगळी कामं एकदम उरका. पी७००, पी९०० मध्ये दोन्हींना स्वतंत्र वाट आहे.

प्रश्न : एपसन एल८०५ वर सुती कागद चालेल का? शाई कितीतरी स्वस्त पडते.
— जळगाव

सरावासाठी चालेल, विकण्यासाठी नको. एल८०५ ची शाई डाय (विरघळलेल्या रंगाच्या) प्रकारची आहे आणि तिला मॅट काळीही नाही. मॅट सुती कागदावर काळा निस्तेज होतो, शिवाय उघड्या चौकटीत उजेडाने आणि हवेने रंग लवकर उडतो. त्या प्रिंटरला फोटो ग्लॉसी कागद द्या, तिथे तो झकास काम करतो.

प्रश्न : पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती कागद मिळतो. तो फोटोसाठी वापरता येईल का?
— सातारा

१९४० पासून चालत आलेल्या या संस्थेचा कागद कापसाच्या चिंध्यांपासून बनतो आणि देखणा असतो. पण तो लिहायला, रंगवायला बनवलेला आहे. त्यावर इंकजेटची शाई धरून ठेवणारा थर नसतो. थेंब तंतूंत पसरतो, कडा फुटतात आणि रंग आत मुरून मळकट होतात.

तरी करून बघायचं असेल तर इंकजेटसाठीचं प्रीकोट आधी लावा, इंकएड हे त्यातलं एक. रुंद, मऊ ब्रशने पहिला हात आडवा. तो पुरता सुकला की दुसरा हात उभा. कागद वाळत आला की दोन ब्लॉटिंगमध्ये घालून रात्रभर वजनाखाली दाबा, नाहीतर पापडासारखा वळतो. हातकागदाच्या कडा झालरीसारख्या असतात आणि त्या थेट हेडला लागतात. प्रिंटरमध्ये जाणारी बाजू सुरीने सरळ कापून घ्या, बाजूच्या कडांपासून दोन सेंटिमीटर तरी रिकामे सोडा. जाडी एकाच तावात ठिकठिकाणी बदलते म्हणून गॅप मोठी ठेवा आणि सरळ वाट असलेलाच प्रिंटर वापरा. तयार प्रोफाइल यासाठी मिळणार नाही. करून घ्यायचं तर रंगचौकटींचं पान अडोबी कलर प्रिंटर युटिलिटीतून, कोणतीही दुरुस्ती न लावता छापा, २४ तास सुकवा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजणारं यंत्र) असलेल्या माणसाकडे पाठवा. पत्रिका छापायच्या असतील तर हा खटाटोप करू नका, स्क्रीन प्रिंटिंग बरं.

प्रश्न : गडद आकाशात पांढरे ठिपके राहतात. नोझल चेक (शाईची छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारी चाचणी) मात्र अगदी स्वच्छ येतो.
— पणजी

ती कागदाची लव आहे. छापताना लव कागदावर पडून होती, शाई तिच्यावर बसली आणि नंतर ती झडली, खाली पांढरं उरलं. कागद उलटा, कोटिंग जमिनीकडे करून धरा आणि ड्राफ्टिंगच्या रुंद मऊ ब्रशने खालून हलके झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक थेंब कोटिंग खराब करतो. कोटिंगची बाजू ओळखू येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावा. जी बाजू चिकटते ती छापायची.

प्रश्न : वीज सारखी जाते. महिन्याभरात नोझल बुजतात. दर वेळी हेड क्लीनिंग करायचं का?
— परभणी

आधी बटणाची सवय बदला. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बटणाने नव्हे. स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड जागेवर जाऊन झाकणाखाली बसतं. मध्येच वीज तुटली तर ते उघडं राहतं आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शाई लगेच सुकते. इंकजेट फार कमी वीज खातो, संगणकाचा छोटा यूपीएस त्यालाही पुरतो.

आठवड्यातून एकदा नोझल चेक छापा आणि सगळे रंग असलेला एक पोस्टकार्ड आकाराचा फोटोही. रेषा तुटलेली दिसली तरच क्लीनिंग. दोन-तीनदा करूनही सुटली नाही तर थांबा, प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा तपासा. लागोपाठ दहा वेळा क्लीनिंग केलंत तर शाई संपेल आणि वाया गेलेली शाई साठवणारी टाकीही भरेल.

प्रश्न : प्रदर्शनासाठी छाप काढले, त्याच संध्याकाळी काचेच्या चौकटीत बसवले. आठवड्याने काचेवर आतून धुरकट थर आला.
— ठाणे

शाईतलं ग्लायकॉल हळूहळू बाहेर पडतं. छाप उघडा नसेल तर ते काचेवर जाऊन बसतं. छाप निदान २४ तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, उघडे सुकू द्या. पहिल्या तासानंतर वर साधा कोरा कागद आणि त्यावर हलकं वजन ठेवा, तो कागद दुसऱ्या दिवशी बदला. आता चौकटी उघडा, काच पुसा आणि छाप पुन्हा सुकवून मगच बसवा. काच छापाला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित माउंट बोर्ड घाला. मागे चिकटपट्टी लावण्यापेक्षा कागदी कोपरे वापरा. सही करायचीच असेल तर मॅट कागदाच्या समासात पेन्सिलने करा.