कुंडीतलं झाड जमिनीत कधी हलवायचं?

प्रश्न: ताई, बियांपासून केलेली जांभळाची आणि कडुनिंबाची रोपं कुंडीत आहेत, आता गुडघ्याच्या वर आलीत. घरचे म्हणतात अजून दोन-तीन वर्षं कुंडीतच ठेव, माणसाएवढं झालं की लाव म्हणजे मरणार नाही. बरोबर आहे का? आणि खड्ड्यात खत किती टाकू?

उत्तर: नाही हो, एवढं थांबू नका प्लीज! सगळे उंची बघतात पण बघायचं असतं मूळ. सोटमूळ कुंडीच्या तळाला टेकलं की वळतं आणि कडेकडेने गोल फिरत राहतं, वर पानं हिरवीगार त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही, आणि ही गुंडाळी जमिनीत गेल्यावरही आपोआप सुटत नाही, मुळं तशीच जाड होतात आणि काही वर्षांनी बुंध्यालाच आवळतात, नाहीतर जोराच्या वाऱ्यात झाड आडवं होतं.

आदल्या दिवशी पाणी द्या, मग कुंडी आडवी करून कडा ठोका आणि मातीचा गोळा अलगद बाहेर घ्या, बुंधा धरून ओढायचं नाही. माती लगेच ढासळली तर परत कुंडीत ठेवा, अजून वेळ आहे. गोळा टिकला आणि कडेला पांढरी मुळं दिसली की हीच वेळ. मातीपेक्षा मुळंच जास्त दिसत असतील तर लावताना धारदार चाकूने गोळ्याला बाजूने तीन-चार उभे काप द्या, तळातली गुंडाळी कापून टाका. हात धजावत नाही माहितीये, पण कापलेल्या जागेमागूनच नवी मुळं फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेला जातात.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. बुंधा जिथे पसरून मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. खड्ड्यात खत भरू नका, ते कुजून बसतं आणि झाड खाली जातं. खणलेलीच माती परत भरा, शेणखत वरून पसरा, त्यावर पालापाचोळा, फक्त बुंध्यापासून चार बोटं लांब.

आणि पाण्याचं नीट लक्षात ठेवा. कुंडीतली माती भुसभुशीत असते, ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा लवकर सुकते, म्हणजे आळं ओलं दिसतं आणि गोळा आतून कोरडा, रोप बिचारं पाण्यात उभं राहून वाळतं. सुरुवातीचे काही आठवडे पाणी थेट बुंध्याजवळ गोळ्यावरच घाला, बोट खुपसून ओल बघा.

प्रश्न: माझं रोप कलमाचं आहे, त्यालाही हेच का?

उत्तर: सगळं हेच, फक्त कलमाचा जोड मातीच्या वर राहू दे आणि जोडाच्या खालून फुटवा आला की कोवळा असतानाच खुडा, नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचं कलम मागे पडतं.