टोमॅटोचा फॉर्म दिसतो, पण ‘जतन करा’ दाबलं की काहीच होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशकातल्या आडत्यांसाठी आवक नोंदवायचं जेएसएफ (जावामध्ये वेब पानं बनवायचं फ्रेमवर्क) ॲप आहे. शेतमाल निवडला की खालचा फॉर्म बदलायला हवा, कारण कांदा क्विंटलवर, टोमॅटो 20 किलोच्या क्रेटवर आणि द्राक्षं किलोवर. त्यासाठी तीन फ्रॅगमेंट्स (पानाचे वेगळ्या फाइलींतले तुकडे) केलीत आणि यूआय-इनक्लूडच्या (असा तुकडा पानात आणणाऱ्या टॅगच्या) एसआरसीमध्ये, म्हणजे फाइलच्या पाथमध्ये, बीनचं (पानाचा डेटा धरणाऱ्या जावा ऑब्जेक्टचं) एक्स्प्रेशन दिलंत. टोमॅटोचा फॉर्म बरोबर येतो, पण त्यातलं बटण ढिम्म. लॉगमध्येही काही नाही.

एसआरसी ठीक आहे. बीनचा स्कोप, म्हणजे तो किती वेळ जगतो, ते बघा.

यूआय-इनक्लूड हा कंपोनंट नाही, टॅग हँडलर आहे. कंपोनंट ट्री (पानावरच्या घटकांची सर्व्हरवरची रचना) बांधला जातो तेव्हाच तो आपलं काम उरकतो. आता बटण दाबल्यावर काय होतं? रिस्टोअर व्ह्यू फेजमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट हाताळायच्या पहिल्याच टप्प्यात, ट्री पुन्हा बांधायला घेतात आणि कुठलं फ्रॅगमेंट आणायचं ते बीनला विचारतात. बीन रिक्वेस्ट स्कोपचा असेल तर तो नवाकोरा. मघाशी टोमॅटो निवडलाय हे त्याच्या गावीही नाही. तो डिफॉल्ट म्हणून कांदा सांगतो. ड्रॉपडाउनची व्हॅल्यू रिक्वेस्टसोबत येते खरी, पण बीनमध्ये पोचते ती अपडेट मॉडेल फेजमध्ये, तोवर उशीर झालेला असतो. ट्रीमध्ये टोमॅटोचं बटणच नाही, तर त्याचा क्लिक डीकोड कोण करणार? जेएसएफच्या लेखी काही बिघडलेलंच नाही, म्हणून एररही नाही. आणि रेंडरच्या आधी ट्री नव्या व्हॅल्यूने पुन्हा ताजा होतो, म्हणून स्क्रीनवर टोमॅटोच दिसतो. माणूस चक्रावतो तो इथे.

बीन व्ह्यू स्कोपचा करा, म्हणजे त्याच पानावर आहात तोवर तो टिकेल. मात्र इम्पोर्ट डोळ्यांत तेल घालून बघा. नेम्ड अॅनोटेशन असेल तर व्ह्यूस्कोप्ड हे जावाएक्स-फेसेस-व्ह्यू पॅकेजमधलंच हवं (जकार्तावर असाल तर जकार्ता-फेसेस-व्ह्यू). आयडीई हमखास सुचवतो ते जुनं जावाएक्स-फेसेस-बीनमधलं सीडीआयला (जावातल्या बीन सांभाळणाऱ्या यंत्रणेला) कळतच नाही. बीन डिपेंडंट होऊन बसतो आणि प्रत्येक एक्स्प्रेशनला नवा जन्म घेतो. बीन सीरियलायझेबलही (साठवून पुन्हा उभा करता येईल असा) ठेवा. मोजारा (जेएसएफचं एक इम्प्लिमेंटेशन) 2.1.18 च्या आधीचं असेल तर आधी ते अपग्रेड करा. त्या जुन्या आवृत्त्यांत व्ह्यू स्कोपचा बीन टॅग हँडलरला बांधला की पार्शल स्टेट सेव्हिंगमुळे (ट्रीच्या स्थितीतले फक्त बदल साठवण्यामुळे) दर पोस्टबॅकला, म्हणजे फॉर्म परत पाठवला की, नवा तयार व्हायचा.

बटण अजिबात चालत नसेल तर वरचं कारण. पहिला क्लिक फुकट जाऊन दुसऱ्याला चालत असेल तर रोग वेगळा: फ्रॅगमेंटच्या आत स्वतंत्र एच-फॉर्म आहे आणि अजॅक्सने (पूर्ण पान न बदलता) तो बदलताना त्याचा व्ह्यूस्टेट (पानाची स्थिती ओळखायचं लपलेलं फील्ड) हरवतोय. जेएसएफ 2.3 मध्ये हे दुरुस्त झालं. मी तरी फ्रॅगमेंटमध्ये फॉर्म ठेवतच नाही. फॉर्म एकच, बाहेर, आणि आत एक पॅनलग्रुप, म्हणजे नुसतं वेष्टन. अजॅक्सच्या रेंडरमध्ये त्या पॅनलग्रुपचा आयडी द्यायचा, म्हणजे बदलायची जागा पानावर कायम हजर असते.

उद्या एकाच गाडीत तीन माल आले म्हणून यूआय-रिपीटमध्ये (यादीतल्या प्रत्येकासाठी तोच भाग पुन्हा दाखवणाऱ्या टॅगमध्ये) इनक्लूड टाकाल, तर ते चालणार नाही. रिपीटचं चलन रेंडरच्या वेळी जन्मतं, इनक्लूडला ते ट्री बांधतानाच हवं असतं. तिथे सी-फॉरईच वापरा, ते ट्री बांधतानाच फिरतं. रेंडर्ड फॉल्स केलेल्या पॅनलग्रुपमध्ये इनक्लूड ठेवलं तर फ्रॅगमेंट दिसत नाही, पण ट्रीमध्ये असतंच. फ्रॅगमेंट्स तीनच आणि छोटी असतील तर तेही चालेल, फक्त आयडी वेगवेगळे ठेवा, नाहीतर डुप्लिकेट आयडीची एरर येईल.

आणि एक गोष्ट तुमच्या कोडमध्ये खटकली. फ्रॅगमेंटचा पाथ तुम्ही थेट रिक्वेस्ट पॅरामीटरमधून उचलताय. असं करू नका, कोणीही यूआरएल बदलून नको ती फाइल इनक्लूड करायला लावेल. पॅरामीटरमध्ये फक्त मालाचं नाव येऊ द्या, पाथ ईनममधून (कोडमधल्या ठरलेल्या नावांच्या यादीतून) काढा, नाव ओळखीचं नसेल तर सरळ नाकारा. फ्रॅगमेंट्स वेब-आयएनएफ फोल्डरखाली हलवा, म्हणजे ती ब्राउझरमधून थेट उघडणार नाहीत. इनक्लूडला मात्र तिथूनही मिळतात.