पत्र पूर्ण वाचलंस का?

"मॅडम, तिकडच्या लोकांना आमचं लग्न खोटं वाटलं." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली मृदुला (नाव बदललं आहे) खुर्चीत बसण्याआधीच हे बोलून गेली. नवरा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये, कायम वास्तव्याचा परवाना असलेला. ती सांगलीत, सासरी. लग्नाला आठ महिने झालेले. स्पाउस व्हिसा, म्हणजे नवऱ्याकडे राहायला जाण्याचा व्हिसा, नाकारल्याची ईमेल येऊन बारा दिवस लोटले होते. नोकरी तिने अर्ज करतानाच सोडली होती आणि भरलेल्या दोन बॅगा हॉलमध्ये तशाच उभ्या होत्या.

व्हिसा नाकारला गेलेली बहुतेक जोडपी मला हाच प्रश्न विचारतात: आमच्या नात्यावरच शंका घेतली का? मी तिला विचारलं, "पत्र पूर्ण वाचलंस का?" तिनं पहिल्या दोन ओळींनंतर फोन उलटा ठेवला होता. मग आम्ही दोघींनी ते मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की नातं खरं असल्याचं मान्य आहे. अडलं होतं उत्पन्नाच्या कागदांवर. एप्रिल 2024 पासून नव्या अर्जांसाठी तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान 29,000 पौंड लागतं. नवऱ्याचा पगार त्याहून जास्तच होता, पण नोकरी बदलून चारच महिने झाले होते. एकाच ठिकाणी सहा महिने पूर्ण नसतील तर मागच्या बारा महिन्यांच्या कमाईचे पुरावे द्यावे लागतात. यांनी फक्त नव्या नोकरीच्या चार स्लिपा जोडल्या होत्या.

हे ऐकून ती सुटकेनं हसेल असं मला वाटलं होतं. ती रडायला लागली. "मग सासूबाई पायगुण का म्हणाल्या?"

पगाराच्या स्लिपा कमी पडल्या त्या लेस्टरमध्ये, आणि दोष आला सांगलीतल्या मुलीच्या पायांवर. मला राग आला, आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ आम्ही फक्त पायगुणावर बोललो. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून ती एकटीच पाटावर बसली होती, तेव्हापासून हे साचत आलं होतं.

कायद्याचा सल्ला देणं माझं काम नाही. पण परदेशातून अपील करायला साधारण 28 दिवसच असतात, त्यामुळे नवऱ्यानं त्याच आठवड्यात तिथल्या नोंदणीकृत सल्लागाराला गाठावं, एजंटाला नाही, एवढं मी आग्रहानं सांगितलं. पुढच्या अर्जात हा नकार लपवायचा नाही, हेही. सल्लागारानं अपिलाऐवजी पूर्ण कागदांसह नवा अर्ज करायला सुचवलं.

फोनवरही दोघांची रोज व्हिसावरून भांडणं व्हायची. तो विषय आम्ही रविवारच्या अर्ध्या तासात बांधून टाकला. पहिले दोन आठवडे ते जमलं नाही. "अजून गेली नाहीस?" असं विचारणाऱ्यांसाठी तिनं एक वाक्य ठरवलं: "कागद पूर्ण होतायत, झाले की सांगेन." आणि ती अर्धवेळ शिकवू लागली. बॅगा मात्र ती उघडेना. त्यासाठी मी घाई केली नाही.

चौथ्या भेटीला ती सासूबाईंना घेऊन आली. पत्रातला तो तिसरा परिच्छेद तिनं स्वतः मराठीत सांगितला. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

नवा अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. कागद स्कॅन करायला परवा त्या दोघी मिळूनच गेल्या होत्या.