प्रोपल्शनला मराठीत काय म्हणायचं? ओढणं की ढकलणं?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या चार्टवर 'इलेक्ट्रिक प्रोपल्शन'ला मराठी शब्द हवाय, कोणी 'विद्युत कर्षण' सांगितलं, कोणी 'विद्युत चालन', आता नेमकं काय लिहू?

कर्षण नको बुवा. कर्षण म्हणजे ओढणं, कृषीमधला कृष् धातू तोच, नांगर ओढतो ना आपण. ट्रॅक्टर पण ओढणाराच. भुसावळला आमचे मामा लोको शेडमध्ये होते, रेल्वेच्या हिंदी पाट्यांवर 'कर्षण' वाचतच मोठे झालो, आणि तिथं ते बरोबरच आहे, इंजिन डबे ओढतं. (डिझेल इंजिन पण आतून विजेचंच असतं बरं का, डिझेलवर वीज तयार होते आणि चाकं मोटरी फिरवतात. बऱ्याच मोठ्या जहाजांत हीच पद्धत असते, फक्त चाकाऐवजी पंखा.)

प्रोपल्शन म्हणजे पुढे ढकलणं. तापीत नाववाला बांबू तळाला टेकवून रेटतो तसं, बांबू मागे रेटला की नाव पुढे. जहाजाचा पंखा पाणी मागे लोटतो, विमानाचा हवा. त्याला शब्द आहे प्रणोदन, किंवा नुसतं नोदन. इस्रोच्या लिक्विड प्रोपल्शन सिस्टिम्स सेंटरचं हिंदी नावच 'द्रव नोदन प्रणाली केंद्र' आहे. धातू नुद्, म्हणजे ढकलणं. विनोद पण याच धातूचा, कंटाळा दूर ढकलतो तो विनोद! मला हे कळलं तेव्हा दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

आता 'चालन' किंवा 'विजेवर चालणारं' का नको म्हणतो ते सांगतो. नॉर्वेची अँपिअर ही फेरी बोट 2015 पासून बॅटरीवर चालते, 2020 मध्ये युरोपात मान्यता मिळालेलं व्हेलिस इलेक्ट्रो हे छोटं विमान पण, त्यांना विजेवर चालणारं म्हटलं तर काही बिघडत नाही, कारण ढकलायला पाणी नाहीतर हवा आयती आहे. पण अवकाशात मागे रेटायला आहे काय? काहीच नाही, म्हणून यानाला ढकलायचा माल सोबत न्यावाच लागतो, बहुतेक वेळा झेनॉन वायू, आणि वीज फक्त तो वायू भयानक वेगाने मागे फेकायचं काम करते. 2007 साली निघालेल्या नासाच्या डॉन यानात 425 किलो झेनॉन होता, तो मागे फेकायचा वेग सेकंदाला साधारण 30 किलोमीटर, पण रेटा किती, तर जास्तीत जास्त 90 मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे झेरॉक्सचे दोन कागद तळहातावर ठेवले की जेवढं वजन लागेल तेवढा. पण तो वर्षानुवर्षं चालू ठेवता येतो म्हणून यान वेस्टा हा लघुग्रह करून सेरेस या बटुग्रहापर्यंत गेलं. आपल्या 2017 च्या जीसॅट-9 उपग्रहावर पण झेनॉनचंच तंत्र होतं. 'विजेवर चालतं' म्हटलं की पोरांना वाटतं नुसत्या सोलर पॅनलवर कुठेही जाता येईल, झेनॉन संपला की खेळ खलास हे राहूनच जातं.

तर चार्टवर मोठ्या अक्षरात 'विद्युत प्रणोदन', आणि मुलीला तोंडी समजावताना सरळ 'रेटा' म्हणू द्या, बंद पडलेल्या जीपला 'लोट रे भो' म्हणतो तोच.

फक्त ण सांभाळा. आपल्या खान्देशात पाण्याचं पानी होतं तसं प्रनोदन होईल. प्र मधल्या र मुळे न चा ण होतो, प्रणामात होतो तसाच, आणि प्र काढून नुसतं नोदन लिहिलंत तर मात्र न च ठेवायचा.