घरी कोणी गेलं तर न्यायला कोण येतं?

प्रश्न: आजी खूप आजारी आहे, घरीच आहे. ती गेली तर बॉडी न्यायला अँब्युलन्सच बोलवायची का? विचारायलाही कसंतरी वाटतंय.

उत्तर: अहो, त्यात कसंतरी वाटण्यासारखं काही नाही, आधी विचारून ठेवलंत हे फार बरं केलंत. सर्वात आधी डॉक्टर. त्यांनी तपासून मृत्यू झाल्याचं लिहून दिल्याशिवाय कुणीच न्यायला तयार होत नाही. इमर्जन्सी अँब्युलन्स जिवंत पेशंटसाठी असते, नंतरच्या कामाला शववाहिका वेगळी, तिचा नंबर आत्ताच लिहून ठेवा. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर मात्र पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही, मग पोस्टमॉर्टेमला तेच पाठवतात. हॉस्पिटलमध्ये कोणी वारलं तर स्टाफ शवागारात नेतो, कागद झाले की ताबा मिळतो.

आणि एक, शरीर साधारण 2 ते 4 तासांत कडक व्हायला लागतं, म्हणून डोळे मिटून, हातपाय सरळ करून ठेवा, घाई नको, हळुवार. जिना अरुंद असेल तर गाडीवाल्यांना फोनवरच सांगा, स्ट्रेचर वळणावर अडकतं, उभं धरावं लागतं, तेव्हा छातीशी आणि गुडघ्यांशी पट्टे आवळलेत ना हे घरातल्या कुणीतरी बघाच.