निकाल अडलाय, कोर्टाकडून साहेबाला निकाल द्यायला लावता येतं का?

मोहोळ तालुक्यातून विचारलंय की दोन एकर रजिस्टर खरेदीखताने घेतली, विकणाऱ्याच्या भावाने फेरफारावर, म्हणजे सातबारावर नाव लावायच्या नोंदीवर, हरकत टाकली, तहसीलला सुनावण्या झाल्या, सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी प्रकरण निकालासाठी बंद झालं, म्हणजे ऐकून झालं, फक्त निकाल बाकी, आणि तेव्हापासून अकरा चकरा, दर वेळी "पुढच्या सोमवारी या". मेहुणे म्हणतात अवमान याचिका टाका. आता सोलापूर कोर्टात केस टाकून साहेबाला नोंद करायला लावता येईल का?

सोलापूर कोर्टात नाही. अधिकाऱ्याने कायद्याने ठरलेलं काम करावं म्हणून जो आदेश निघतो तो परमादेश, आम्ही मँडॅमस म्हणतो, तो हायकोर्ट देतं, घटनेच्या कलम २२६ खाली. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय आणि सोलापूर त्यात आहे ते एक बरं झालं, नाहीतर एका तारखेसाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर मुंबई.

पण कोर्ट सहसा "अमुक आठवड्यात निकाल द्या" एवढंच म्हणतं, "यांच्याच नावाने नोंद करा" म्हणत नाही, कारण हरकत ऐकून ठरवायचं काम महसूल संहितेच्या कलम १५० ने अधिकाऱ्याकडे दिलंय. निकाल उलटा गेला तर प्रांताधिकाऱ्याकडे अपील करायचं, ती वाट वेगळी.

आता खरी अडचण. अकरा चकरा मारल्या म्हणता, पोच एकाचीही नाही! जज पहिलं हेच विचारणार की लेखी मागणी कधी केली. तर उद्याच साधा अर्ज लिहा, फेरफार नंबर, शेवटच्या सुनावणीची तारीख, आणि सुनावण्या संपल्यात, आता लेखी निकाल द्या ही एक ओळ. अर्ज घेणारा आवक कारकून म्हणेल ठेवून जा, साहेब आले की देतो. ठेवायचं नाही, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच खिडकी सोडायची, नाहीच दिला तर स्पीड पोस्ट करा. त्याच दिवशी रोजनाम्याच्या, म्हणजे प्रकरणाच्या तारखेवार नोंदींच्या, नकलेचा अर्ज टाका, "निकालासाठी बंद" असं साहेबांच्याच सहीने त्यात लिहिलेलं असतं, याचिकेला याहून चांगला कागद नाही. महिनाभर वाट बघा, मग वकिलाची नोटीस, बऱ्याचदा तिथेच फाईल हलते बघा.

मेहुणे म्हणतात ती अवमान याचिका, म्हणजे कोर्टाचा आदेश मोडल्याची तक्रार, आत्ता नाही. आधी आदेश तर हवा, तो मोडला की एक वर्षाच्या आत.

आणि अर्जाला खरेदीखताची झेरॉक्सच लावा, मूळ कागद मागितला तरी देऊ नका.