कट-आउट ड्रेस घ्या, पण आधी खुर्चीत बसून बघा

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ताई, तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, "लेक बारावीला आहे, मे महिन्यात प्रॉम, म्हणजे शाळेचा नाचगाण्याचा समारंभ, तिने ऑनलाइन एक बाटली-हिरवा लांब ड्रेस पसंत केलाय आणि त्याला दोन्ही बाजूंनी कमरेशी कापलंय. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांच्यासमोरून ही असा ड्रेस घालून जिना उतरणार, फोटो फॅमिली ग्रुपवर जाणार, मला आत्तापासूनच धडधडतंय."

धडधडणारच हो, आपण सगळ्या त्याच मातीच्या. पण तुम्हाला धडधडतंय ते भलत्याच गोष्टीसाठी. पोट किती इंच दिसतं यावर वाद घालत बसलात तर लेक दार आपटून खोलीत जाईल, आणि तुम्ही स्वतः मंडळाच्या दिवाळीला मागे नुसती नाडी अन् लटकन असलेला ब्लाउज घालता हेही ती ऐकवेल. काळजी करायचीच असेल तर शिलाईची करा. ड्रेस अंगावर कसा बसलाय, कापलेली जागा जागच्या जागी राहते का, हे बघा. कट-आउट भडक दिसतो तो बहुतेक वेळा फिटिंग चुकल्यामुळे, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय आणि घरचे सगळे मला हसतात.

माझी आई गिरगावात ब्लाउज शिवायची. कुणी मटका गळा किंवा पानगळा सांगितला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, आत काय घालणार ते आधी दाखव. आणि गळ्याला उरेब पट्टी, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी, लावल्याशिवाय ती ब्लाउज हातावेगळा करत नसे, कारण गोल कापलं की कड कुठेतरी तिरकी येते, तिरकं कापड ताणतं आणि थोड्याच दिवसांत गळा फेंदारतो. कमरेवरच्या कट-आउटचंही तेच गणित आहे. ड्रेस आला की उलटा करा आणि त्या कडेवरून बोट फिरवा, आतून पट्टी किंवा अस्तर हवं, कापड ताणणारं असेल तर बारीक इलॅस्टिक हवं. नुसतं दुमडून टीप मारली असेल तर तो ड्रेस परत पाठवा, टॅग तोवर काढू नका.

मग लेकीला खुर्चीत बसवा. आपण ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघतो आणि खूश होतो, पण प्रॉमला ती गाडीत बेल्ट लावून बसणार, जेवायला बसणार, हात वर करून नाचणार. बसलं की कंबर पसरते, बारीक मुलीचीही पसरते, आणि कट-आउट ऐन कमरेवर असेल तर त्यातून वळी बाहेर येते, बिचारी मग फोटोभर हाताने झाकत राहते. तोच कट-आउट जरा वर, बरगडीच्या खालच्या कडेशी असेल तर बसल्यावरही सपाट राहतो. हात वर करायला सांगा, वाकून सँडलचा पट्टा लावायला सांगा. माझ्या लेकीच्या ड्रेसची हीच परीक्षा घेतली तेव्हा तिने डोळे फिरवले, पण दोन ड्रेस तिने स्वतःच बाद केले, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

मोठा घ्यावा आणि शिलाईत आत घ्यावा हा आपला नेहमीचा हिशोब, कारण रेडिमेडमध्ये माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, फारशी ठेवत नाहीत, उसवून सैल करायला फारसं काही उरत नाही. पण इथे एक मेख आहे, बाजूच्या शिलाईत आत घेतलं तर कट-आउटचा आकारच बिघडतो, त्यामुळे मागच्या चेनजवळ घ्यायला सांगा. तुमच्याच ओक ट्री रोडवर ब्लाउज शिवणारे आहेत, त्यांना हे समजतं, फक्त आदल्या आठवड्यात जाऊ नका, लग्नसराईचं काम असतं त्यांच्याकडे.

तुम्ही विचारलंय, "आतून जाळी लावून झाकलं तर चालेल का?" चालेल, पण स्किन कलर म्हणून जी जाळी मिळते ती बहुतेक वेळा गोऱ्या कातडीला धरून केलेली असते, आपल्या गव्हाळ रंगावर ती बँडेज बांधल्यासारखी दिसते. त्यापेक्षा ड्रेसच्याच रंगाची जाळी लावा, हिरव्याला हिरवी, मुद्दाम केल्यासारखी दिसते. आत चिकटवायचे कप वापरणार असाल तर आधी एकदा घरी तासभर लावून बघा, काहींना पुरळ येतं, आणि त्या दिवशी अंगाला लोशन नको, चिकटत नाही. शक्य असेल तर कप ड्रेसलाच शिवून घ्यावेत, नाचताना घाम येतोच.

आणि कट-आउट आहे ना, मग बाकी सगळं शांत ठेवा. गळा बंद, स्कर्ट लांब, कमरेला पट्टा नको, कानातले बारीक. कंबर, पाठ आणि खांदा तिन्हीकडे कात्री चालवलेले ड्रेस मिळतात, ते मला अजिबात आवडत नाहीत. डिझायनर टॉम फोर्डने 1996 मध्ये गुची या फॅशन कंपनीसाठी जे पांढरे ड्रेस केले त्यांचे फोटो लेकीला दाखवा, साधं पांढरं जर्सीचं कापड आणि त्यात नेमकी कापलेली जागा. शाळेचा ड्रेस कोडही वाचून घ्या, काही शाळा पोटाबद्दल स्पष्ट लिहितात.

सासूबाईंना तो ड्रेस आधी अंगावर दाखवू नका, हातात द्या. त्या पिढीला शिवण कळतं हो. माझ्या सासूबाईंनी नातीचा ड्रेस हातात घेतला, उलटा केला, चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, "अगं, इथे टीप निसटलीय, सुई दे." संध्याकाळी फोटोत त्याच पुढे उभ्या होत्या. फॅमिली ग्रुपवर टाकायचा फोटो लेकीला निवडू द्या, आणि सांगलीहून कुणी काही बोललंच तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही.

बाकीचं थोडक्यात. "हे काहीच बोलत नाहीत" म्हणता, ते बरंच आहे, त्यांना गाडी काढू दे. धाकटा मराठीत उत्तर देत नाही तर रोज आजीबरोबर पत्ते खेळायला बसवा, भांडता भांडता बोलेल. आणि सासूबाईंच्या इन्शुरन्सचं तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत उरकलंय, ते मात्र चालणार नाही. त्यांना बीपी आहे म्हणता, मग व्हिजिटर पॉलिसीत आधीच्या आजारांचं काय धरलंय ते याच आठवड्यात ईमेलवर विचारून घ्या, फोनवर नको.